मदत हवी आहे: मागेमागे येणारा ड्रोन घाटात साथ सोडतो

दोनचाकी_एकटा:

नमस्कार मंडळी. मी पुण्याचा. शनिवारी पहाटे सायकलवर बोपदेव घाट चढतो, बहुतेक वेळा एकटाच. चढतानाचा व्हिडिओ हवा, पण काढणार कोण? बायकोला एकदा विचारलं, तिने कूस बदलली. २०२१ साली, म्हणजे परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी यायच्या आधी घेतलेला साधारण ६०० ग्रॅमचा ड्रोन पडून होता, तो काढला. पडद्यावर स्वतःभोवती बोटाने चौकोन काढायचा, की पठ्ठ्या मागे येतो. मैदानात झकास जमलं. घाटात मात्र पार पचका झालाय.

पहिल्या दिवशी मी वडाच्या सावलीत शिरलो आणि बाहेर आलो तेव्हा ड्रोनने दुसऱ्याच गृहस्थांना धरलं होतं. जर्सी माझ्यासारखीच पिवळी. घरी येऊन पाहिलं तर दीड मिनिट त्यांचंच चित्रण, तेही काय सुंदर! ते थांबले, पाणी प्यायले, वर पाहून हात हलवला. माझं मेलं एकही दृश्य असं आलेलं नाही.

पुढच्या शनिवारी बाजूने समांतर उडवून पाहिला. बाभळीत घुसला. दोन पाती गेली.

परवा वळणाआड सिग्नल तुटला. पडद्यावर 'घरी परत' आलं आणि स्वारी माझ्याकडे यायचं सोडून खाली निघून गेली. मी पाऊण घाट चढलेलो. धापा टाकत उतरलो तर पायथ्याच्या टपरीवर, बिस्किटांच्या बरणीशेजारी ठेवलेला. चहावाले म्हणाले, "पंखे थांबल्यावर उचलला साहेब, कुत्री हुंगत होती." त्याआधी तो एका उंचीला अडून बसला होता, मी वर जातोय आणि हा वर यायलाच तयार नाही.

ड्रोन बिघडलाय की माझंच चुकतंय? रिमोट हँडलच्या पिशवीत असतो. आणि कायद्याचंही कोणी सांगा.

उंटावरचा_शहाणा:

एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा एखादा भाचा धरून न्या की. पेट्रोल आणि मिसळ, एवढ्यात काम होतं.

पाती_आणि_माती:

ड्रोन ठणठणीत आहे. खालून वर चढत जाणाऱ्या माणसामागे लावायला तो बनलेलाच नाही, एवढंच.

अहो, त्याची उंची तुमच्यापासून मोजत नाहीत, उड्डाण केलं त्या जागेपासून मोजतात. ॲपमध्ये कमाल उंची १२० मीटर ठेवली असेल तर तो पायथ्यापासून १२० मीटरवर थांबणार, मग तुम्ही कितीही वर असा. पडद्यावर ११० दिसत असतात आणि प्रत्यक्षात तो तुमच्या डोक्यावर जेमतेम दहा मीटर असतो. डोंगराच्या कडेला हे फार फसवं. तेव्हा आख्खा घाट एका दमात घेऊ नका. वर जा, मोकळी जागा बघा, तिथून उडवा, तेवढ्याच दोन वळणांचं चित्रण करा, उतरवा. बॅटरीही तेवढीच पुरते.

'घर' म्हणजे उड्डाणाची जागा, तुमचा खिसा नव्हे. बऱ्याच ॲपमध्ये सेटिंगमधून होम पॉइंट रिमोटच्या जागेवर आणता येतो, पण तो आपोआप तुमच्याबरोबर सरकेल असं गृहीत धरू नका. सिग्नल तुटल्यावर काय करायचं, परत फिरायचं, जागीच तरंगायचं की उतरायचं, हेही तिथेच ठरवता येतं. वळणाआड डोंगर आला की सिग्नल जाणारच.

बाभळीचं म्हणाल तर तुमच्या ड्रोनला डाव्या-उजव्या बाजूला सेन्सर आहेत का बघा. पुष्कळ ड्रोनना पुढे-मागे असतात, बाजूला नसतात. समांतर उडताना तो आडवा सरकतो, म्हणजे आंधळाच. बारीक फांद्या आणि विजेच्या तारा तर पुढच्या सेन्सरलाही धड दिसत नाहीत. मागूनच येऊ द्या. पिवळी जर्सी बदला, तो चेहरा ओळखत नाही, रंग-आकार धरतो.

नियमवाली_ताई:

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचा ड्रोन 'मायक्रो' गटात येतो. हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते प्रत्येक वेळी बघा. पुण्यात लोहगाव विमानतळ आहे, एनडीए आहे, अंदाजाने उडवू नका. आणि दादा, शनिवारी सकाळी बोपदेवला गाड्यांची रीघ असते. समोरच्या दुचाकीवाल्याने वर बघितलं आणि तोल गेला तर? रस्ता सोडून मोकळा माळ शोधा.

दोनचाकी_एकटा:

सगळ्यांचे आभार. ताई, नोंदणी नव्हती, अर्ज भरायला घेतलाय. ते झाल्याशिवाय उडवत नाही. सेन्सरही तपासले, बाजूला खरंच नाहीत. सासवडकडच्या मित्राच्या वावरातून कच्चा रस्ता जातो, नकाशावर हिरवा आहे, आता तिथेच. लाल जर्सीही घेतली.

एकच राहिलं. त्या वावरावर दोन घारी कायम घिरट्या घालतात. कोणाच्या ड्रोनवर घार आलीय का? तेव्हा काय केलंत?