पुण्याहून रेसचा निवृत्त घोडा 'फुकट' मिळतोय. कळमेश्वरच्या शेतात ठेवावा का?

हप्तेवाली_ताई:
वय ४७, नोकरी बँकेत, राहणं नागपुरात त्रिमूर्तीनगरला. सासरचं चार एकर संत्रं कळमेश्वरकडे आहे. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. एका रेसच्या घोड्यात त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे पाच मित्रांनी मिळून घेतलेला घोडा. वय ७, खच्ची केलेला, पुढच्या डाव्या पायाचं टेंडन (स्नायू हाडाला बांधणारा दोर) दुसऱ्यांदा गेलं. ट्रेनरने सांगितलं, आता पळणार नाही. लगेच भावाचा फोन: "ताई, तुझ्याकडे शेत आहे, गोठा रिकामा आहे, ठेव ना. फुकट आहे."

फुकट या शब्दावर माझी नोकरी चालते. फुकट म्हणजे डाऊन पेमेंट शून्य, हप्ते मागाहून. घोडा २५-३० वर्षं जगतो म्हणतात. म्हणजे याची अजून वीसेक वर्षं धरा, तोवर मी ६७ ची. दोन वर्षांचा असताना पळायला लागला, सातव्या वर्षी रिटायर. त्याची नोकरी झाली पाच वर्षं आणि पेन्शन वीस वर्षं, तीही माझ्या खात्यातून.

मामाजी (सासरे, वय ७८) एकच वाक्य बोलले, "बैल म्हातारा झाला तर तो आपला म्हातारा असतो. हा दुसऱ्याचा." त्यांचा शेवटचा बैल चार वर्षं काही काम न करता दावणीला होता आणि दर पोळ्याला शिंगं रंगवून मिरवला. त्यामुळे ते असं का बोलतात ते मला कळतं.

घरी त्या घोड्याला आम्ही 'पुणेकर' म्हणायला लागलोय, हीच धोक्याची घंटा. नागपूरच्या उन्हात हा टिकेल का? खरा खर्च काय? आणि मी नाही म्हटलं तर त्याचं काय होतं? भाऊ या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

टांगेवाल्याचा_नातू:
ताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. एका हातातून दुसऱ्या हातात जाते थो. पयले कोणी हौशी घेते, मंग त्याची हौस फिटते, मंग वरातीवाला. रेसच्या घोड्याले डीजे अन् फटाक्यात उभं करणं म्हणजे त्याचाही जीव जाते अन् नवरदेवाचाही. वरातीची घोडी लहानपणापासून त्या गोंगाटात वाढलेली असते, हा नाई.

माह्या आज्याचा टांगा होता इतवारीले. आजा म्हणे, घोड्याले उपास चालते पण एकटेपण चालत नाई. एकटा ठेवला का दाराचं लाकूड कुरतडते, हवा गिळते, जागच्या जागी डुलत राहते. दुसरा घोडा परवडत नसन तर एक बकरी बांधा बाजूले. हसू नोका, आमच्या घोड्याची बकरी होती अन् तिच्याशिवाय थो चंदी खात नव्हता.

निवृत्त_पशुवैद्य:
ताई, उत्साहावर पाणी घालतो, पण ऐकून घ्या.

हा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा असणार. रोजचा सुका चारा वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे नऊ-दहा किलो, तोही दिवसभर थोडा थोडा. रेसमध्ये त्याला ओट्स भरपूर मिळत होते, ते हळूहळू कमी करायचे. एकदम बदल केला की पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटाचं दुखणं रात्रीतून जिवावर बेतू शकतं. तुमच्याकडे तुरीचं, हरभऱ्याचं कुटार ढिगाने असेल, पण फक्त त्याच्यावर ठेवू नका. कोवळी ज्वारी अजिबात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाईचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य त्याच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, कोंबडीला चालतं, घोड्याला थोड्या मात्रेतही मारतं. हे गड्याला दहा वेळा सांगा.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात ४५ अंशांत उंच छप्पर, मोकळी हवा आणि दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी. घामातून मीठ जातं, तेही द्यावं लागतं. पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार होतो. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोडा धनुर्वाताला फार नाजूक. खूर दर सहा-आठ आठवड्यांनी कापावे लागतात, आणि चांगला नालबंद शोधणं हे डॉक्टर शोधण्यापेक्षा अवघड झालंय.

आणण्याआधी त्या टेंडनची सोनोग्राफी, ग्लँडर्सची (माणसालाही लागू शकणारा घोड्यांचा आजार) रक्ततपासणी आणि घोड्याचा पासपोर्ट, म्हणजे त्याच्या ओळखीचं पुस्तक, मागा. आपल्या सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात आधी जाऊन बोला, घोडा आल्यावर नव्हे.

शनिवार_रविवार_पुणे:
मी तीस वर्षं रेस बघतोय, जुलै ते ऑक्टोबर पुण्यात, हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला. रेसवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण रेस बंद पडली तर असे हजारो घोडे एकदम रस्त्यावर येतील. आणि बंद पडायची चिन्हं आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरपासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०. नफ्यावर नव्हे, लावलेल्या पैशावर. कोण येणार पैजेच्या खिडकीवर? महालक्ष्मीची १२० एकर जागा उद्यानासाठी गेली, रेस क्लबकडे ९१ राहिली. चेन्नईत गिंडी रेसकोर्सच्या जागेचं लीजच तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये रद्द केलं. सिंगापूरला ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची रेस झाली, मकाऊ त्याच वर्षी त्याआधीच बंद. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये रेस हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ म्हटलं, पण कौशल्याला कर लागत नाही असं नाही म्हटलं.

थरोब्रेड ही रेसच्या घोड्यांची जात माणसाने पळण्यासाठीच घडवलीय. रेस आहे म्हणून हा घोडा जन्माला आला, ताई.

हप्तेवाली_ताई:
दादा, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. रेस आहे म्हणून तो जन्माला आला, बरोबर. मग रेस संपल्यावर त्याची जबाबदारी कळमेश्वरच्या संत्र्यावर कशी? पैजेवर कर वाढला, गर्दी घटली, हे सगळं खरं असेल. पण खिडकीवर गर्दी होती तेव्हा तरी घोड्याच्या नावावर कोणी पैसे बाजूला टाकत होतं का? आमच्या शिपायाची ग्रॅच्युइटी त्याच्या पहिल्या दिवसापासून मोजली जाते. ब्रिटनमध्ये २००० साली रेसिंगवाल्यांनीच निवृत्त घोड्यांसाठी संस्था काढली, म्हणजे त्यांना हा हिशोब जमतो. इथे भावाला विचारलं तर म्हणतो, "ताई, तू भावनिक होतेयस." मी? मी तर व्याजदर काढत होते!

पशुवैद्य काका, मोनेन्सिनचं वाचून हातपाय गार पडले. शेजारच्या शेतात कोंबड्याच आहेत.

तर मी ठरवलंय ते असं. जागा, पाणी, गडी माझा. चारा, खूर, डॉक्टर पाचही भागीदारांचं, दर महिन्याला, स्टॅम्पपेपरवर. घोडा विकायचा नाही, द्यायचा असेल तर आधी मला विचारायचं, मला झेपलं नाही तर पुण्याने परत न्यायचा. पाच सह्या आल्याशिवाय गाडी निघणार नाही.

टांगेवाल्याचा_नातू:
सह्या येतीन का?

हप्तेवाली_ताई (नऊ दिवसांनी):
तीन आल्या. भावाची पहिली, तीही आईने फोन केल्यावर. चौथा म्हणतो, "वर्षभराचे एकरकमी देतो, पुढचं पुढे." पाचवा फोन उचलत नाही. सोनोग्राफी आली. पशुवैद्य काकांना दाखवली, त्यांच्या मते घोड्याला चालायला-चरायला हरकत नाही, पण त्याच्या पाठीवर कोणी बसायला नको. रक्ताचा रिपोर्ट यायचाय.

काल शेतावर गेले तर मामाजी गोठ्याचं छप्पर दोन फूट उंच करून त्यावर तुराट्या टाकून घेत होते. विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "बकरीसाठी."