रॅव्ह४ प्राइम की आउटलँडर प्लग-इन? पिकअपचं गणित जुळत नाहीये

बावीस_नंबरवाली:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत, युनियनमध्ये राहते. जुनी सेडान आता रिटायर करायची आहे. रोजचं जाणं-येणं २६ मैल, घरी चार्जिंगची सोय आहे, त्यामुळे प्लग-इन (घरी चार्ज होणारी बॅटरी, सोबत पेट्रोल इंजिनही) घ्यायची हे नक्की. दोन गाड्यांवर येऊन अडकले आहे, दोन्ही २०२३ च्या, वापरलेल्या: टोयोटा रॅव्ह४ प्राइम आणि मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इन. प्रश्न फक्त पिकअपचा.

हसू नका. रूट २२ चा आमच्याकडचा तुकडा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. दोन दिशांच्या मधोमध बेटावर दुकानं आहेत. सामान घेऊन बाहेर पडलात की तुम्ही डावीकडून, थेट सगळ्यात जोरात पळणाऱ्या लेनमध्ये घुसता. रॅम्प म्हणावा असं काही नाहीच. मान मागे वळवायची, फट दिसली की पाय दाबायचा. आताची गाडी अशा वेळी आधी विचार करते, मग गिअर बदलते, मग ओरडते आणि मग पळते.

कागदावर रॅव्ह४ ३०२ हॉर्सपॉवरची, कंपनी म्हणते ० ते ६० मैल ५.७ सेकंदांत. आउटलँडर २४८ ची, वर वजन चार-पाचशे पौंडांनी जास्त. म्हणजे निकाल आधीच लागलेला, नाही का?

दोन्ही चालवल्या, शेजारी नवरा. मागे बसून लेकीने फोनवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढला, घरी येऊन आम्ही फ्रेमा मोजल्या. आउटलँडर: ७.०. रॅव्ह४: ९.३! स्पोर्ट मोड मी स्वतः लावला होता, बॅटरी जवळजवळ भरलेली. सेल्समन म्हणाला, बॅटरी थंड असेल. ५२ अंश फॅरनहाइट होतं हो, थंड कसली? गाडीत काही बिघाड आहे का?

हिशेबी:
एकच सांगा. पाय पूर्ण दाबल्यावर इंजिनाचा आवाज आला का?

बावीस_नंबरवाली:
नाही. एकदम शांत. मला तर ते आवडलंच होतं.

हिशेबी:
मग गाडी ठणठणीत आहे. तुम्ही अर्ध्याच गाडीची परीक्षा घेतलीत.

प्राइम चार्ज असली की ईव्ही मोडमध्ये, म्हणजे फक्त विजेवर, सुरू होते, आणि त्या मोडमध्ये पाय जमिनीला टेकवलात तरी इंजिन मदतीला येत नाही. स्पोर्टचं बटण वेगळं. त्याने पेडल तिखट होतं, इंजिन जागं होत नाही. पुढची मोटर १३४ किलोवॅटची, मागची ४०, पण एकटी बॅटरी दोघींना पोटभर वीज पुरवू शकत नाही. ते ३०२ बॅटरी आणि अडीच लिटरचं इंजिन मिळून आहेत. एचव्ही (हायब्रिड मोड, इंजिन आणि वीज दोन्ही) लावा, किंवा 'ऑटो' लिहिलेलं बटण दाबा. ऑटोमध्ये एरवी विजेवर चालते, जोर मागितला की इंजिन स्वतःहून येतं.

आउटलँडर नॉर्मलमध्ये हे न सांगता करते. म्हणून तिचा आकडा छापल्यासारखा आला.

आणि मासिकांच्या आकड्यांशी घरच्या आकड्यांची तुलना करू नका. इथली मासिकं पहिल्या फुटाचा वेळ धरत नाहीत, त्यात तीन दशांश सेकंदाच्या आसपास वाचतात. शिवाय तुमच्या गाडीत तीन माणसं.

जुना_कायनेटिक:
फ्रेमा मोजणारी लेक! तिला इंजिनिअरिंगला घाला. 😄

मेरिटवरची_मावशी:
माझ्याकडे २०२३ ची आउटलँडर आहे, कनेक्टिकटमध्ये. मेरिट पार्कवे १९३८ चा, त्या काळच्या गाड्यांसाठी बांधलेला. काही रॅम्पच्या टोकाला चक्क स्टॉपची पाटी. शून्यापासून सुरुवात, समोरून रहदारी पन्नास-साठने. तुमचं दुखणं मला कळतं गं.

आउटलँडरची मागची मोटर १०० किलोवॅटची, पुढची ८५. मागचा रेटा जास्त, त्यामुळे ओल्या पानांवरूनही ती सरळ सुटते. मैत्रिणीची प्राइम पावसात जोरात सोडली की पुढची चाकं क्षणभर किरकिरतात, मग सावरते. पण खोटं सांगणार नाही: साठच्या पुढे ओव्हरटेक करायचा तर प्राइम पळते आणि माझी धापा टाकते. बॅटरी संपत आली की आणखीच. मी लांब निघाले की आधीच 'सेव्ह' लावते, म्हणजे बॅटरी राखून ठेवते.

आणि हो, बेटावरच्या दुकानातून निघताना तुला ते ऑटोचं बटण आठवणार आहे का? गाडी बंद करून पुन्हा सुरू केलीस की ती परत ईव्हीत.

बावीस_नंबरवाली:
मावशी, नेमकं तिथंच बोट ठेवलंत.

काल पुन्हा गेले. तोच रस्ता, तीच तीन माणसं. रॅव्ह४ ऑटोमध्ये: ६.२. पाठ सीटला चिकटली, नवऱ्याची कॉफी त्याच्या शर्टावर. हिशेबी, तुमचा शब्द न् शब्द खरा. सेल्समनला सांगितलं तर म्हणाला, असं बटण आहे होय? त्याला रोज तीच गाडी विकायची असते!

मग सेल्समनला विचारून मुद्दाम बेटावरच्या दुकानात गेले. दूध घेतलं, गाडी सुरू केली, मान वळवली, फट दिसली, पाय दाबला. गाडी शांत. ईव्हीत. बटण विसरले होते, आणि त्याच कामासाठी आले होते! तशी तिशीपर्यंत ती ईव्हीतही बरी पळते, अपघात वगैरे काही नाही, पण मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवलाच.

फ्रेमा पुन्हा काढल्या. ० ते ३० मैल: आउटलँडर २.९, रॅव्ह४ ऑटोमध्ये २.६, ईव्हीत ३.७. माझं सगळं आयुष्य या ० ते ३० मध्येच जातं. ६० पर्यंतचे ते आठ दशांश मला पार्कवेवर कधीतरी लागतील.

हिशेबी:
चिकट कागदावर 'ऑटो' लिहून स्टिअरिंगला लावा. विजेवरची रेंजही ४२ मैल आहे, आउटलँडरची ३८. चार मैल फुकट.

बावीस_नंबरवाली:
असे कागद फ्रिजवर नऊ आहेत. एकही वाचत नाही.

आउटलँडरचे टोकनचे पैसे भरले. मार्चमध्ये सासू-सासरे येतायत, तेव्हा तिसरी रांगही कामाला येईल. ती इतकी अरुंद आहे की तिथं फक्त फ्रेमा मोजणारी मावते, आणि तिने कालपासून माझ्याशी अबोला धरलाय.