लाळग्रंथीचा कॅन्सर: प्रथिनांच्या टक्केवारीवरून आयुष्य सांगता येतं का?

रेवाकाठ (धागाकर्ती)
लाळग्रंथीच्या कॅन्सरच्या रिपोर्टखाली हल्ली केआय-६७, पी५३, ईजीएफआर, हर-२ अशी प्रथिनांची रांग असते, गाठीच्या किती टक्के पेशींत कुठलं सापडलं त्याची, आणि घरचे त्या टक्क्यांवरून वर्षं मोजायला बसतात. माझ्या मते ते टक्के एवढा भार पेलतच नाहीत. मुळात हा एक आजार नाही, याचे वीसहून जास्त प्रकार आहेत आणि सगळेच दुर्मीळ. रुग्ण पुरत नाहीत म्हणून अभ्यासात सगळे प्रकार एकत्र कालवतात. मग एखादं प्रथिन 'वाईट' निघालं, तर दोष त्या प्रथिनाचा, की ते ज्या प्रकारात जास्त सापडतं तो प्रकारच मुळात जहाल? गाठीचा प्रकार, ग्रेड (पेशी किती जहाल दिसतात), स्टेज (आजार किती पसरलाय), काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ निघाल्या का, चेहऱ्याची नस लुळी होती का, एवढं नीट लिहिलं तरी पुष्कळ झालं.

काचपट्टी
असहमत. रोज सूक्ष्मदर्शकाखाली गाठींच्या स्लाइड बघतो म्हणून बोलतोय. ग्रेडवर एवढा विश्वास कशाला? म्युकोएपिडरमॉइड या प्रकाराची तीच स्लाइड एका पद्धतीने मध्यम ठरते, दुसरीने वरच्या ग्रेडची. केआय-६७ किमान ठोस काहीतरी सांगतं: किती पेशी विभागणीच्या चक्रात आहेत. ते जास्त तर पुढचं चित्र वाईट, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. दुर्मीळ आजारात हजार रुग्णांची वाट बघायची तर बघतच बसा.

उगाचशंका
काचपट्टी, पण मोजता कुठे? केआय-६७ च्या रंगाने तपकिरी झालेली पेशींची केंद्रकं गाठभर सारखी पसरलेली नसतात. सर्वात दाट भाग धरला की आकडा चढतो, सरासरी घेतली की उतरतो. त्यात 'जास्त' कशाला म्हणायचं याची रेघ कोणी १० टक्क्यांवर मारतो, कोणी २० वर, आणि पुष्कळदा कोण जगलं ते बघून झाल्यावर! अशी रेघ पुढच्या गटात टिकली नाही की त्याचा पेपर सहसा निघत नाही. शिवाय ॲडेनॉइड सिस्टिक या प्रकारात पाच वर्षांचा हिशेब काय कामाचा? तो नसांच्या कडेने सरकतो आणि दहा वर्षांनीही फुफ्फुसात उगवतो.

काचपट्टी
मोजणीचा मुद्दा मान्य. म्हणून रिपोर्टात कुठला भाग मोजला ते लिहावं. तपासणीच बंद करा, हे कुठलं शहाणपण?

ओपीडी_नंबर
तुम्ही सगळे 'किती जगेल' यावर भांडताय. 'औषध कुठलं' हा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे हीच प्रथिनं कामाला येतात. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा हा जहाल प्रकार घ्या. बहुतेक गाठींत अँड्रोजन रिसेप्टर (पुरुषी हॉर्मोन पकडणारं प्रथिन) सापडतो, साधारण तिसऱ्या हिश्शात हर-२. यावरून आयुष्याचा अंदाज बांधायला गेलं तर अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पण आजार पसरला असेल तर प्रोस्टेटसाठीची हॉर्मोन रोखणारी औषधं किंवा हर-२ वर नेम धरणारं ट्रॅस्टुझुमॅब देता येतं. २०२४ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टिकनला (त्यालाच केमोचं औषध जोडलेलं), आधीचे उपचार संपले असतील तर, हर-२ तीन प्लस (म्हणजे तपासणीत सर्वात ठळक) असलेल्या कुठल्याही अवयवाच्या पसरलेल्या गाठीसाठी मंजुरी मिळाली.

रेवाकाठ
मग तेवढ्याच तपासण्या करा ना, त्याही त्या प्रकारात! लो-ग्रेड म्युकोएपिडरमॉइड पूर्ण निघालेल्या माणसाला पी५३ चे टक्के कशाला हवेत? बिल वाढतं आणि झोप उडते.

काचपट्टी
त्या माणसापुरतं ठीक. पण सुईने काढलेल्या चिमूटभर तुकड्यात ग्रेड ठरत नाही आणि सर्जनला मानेतल्या लसिकाग्रंथी काढायच्या का ते आधीच हवं असतं. तिथे मी केआय-६७ लावणारच.