शुगर असताना रोज अंडं चालतं का?

वाईची_लेक
बाबांना (वय ६४) टाइप टू डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत, यावेळी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.१ आलं. नाश्त्याला इतकी वर्षं पोहे नाहीतर उपमा आणि चहासोबत टोस्ट, मग दोन तासांनी शुगर चढलेलीच असते. मी म्हणतेय अंडी सुरू करू, पण आत्या म्हणते कोलेस्टेरॉल वाढेल, त्यात उन्हाळा, उष्ण पडतील. काका म्हणतात पिवळं काढून द्या. कुणाचं ऐकू?? तुमच्याकडे कुणी रोज खात असेल तर सांगा प्लीज.

सकाळचा_डबा
एका अंड्यात कार्ब जेमतेम अर्धा ग्रॅम, प्रोटीन ६ ग्रॅम. म्हणजे नुसत्या अंड्यानं शुगर चढायचं कारणच नाही. याउलट वाटीभर सुक्या पोह्यांत ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब जातात, तेही पटकन पचणारे. पण अंडी आणली आणि सोबत दोन पाव दिले की फायदा संपला, पावात मैदाच ना शेवटी. आमच्याकडे सासऱ्यांना अंडाभुर्जी देतो, कांदा टोमॅटो सिमला मिरची भरपूर, तेल चमचाभरच, आणि सोबत एक ज्वारीची भाकरी. पोट भरलेलं राहतं त्यामुळे अकरा वाजता बिस्किटाचा डबा उघडत नाहीत, मला तर हाच मोठा फायदा वाटतो.

आहार_आणि_आपण
आत्यांची काळजी अगदीच चुकीची नाही. कोलेस्टेरॉल सगळं पिवळ्यात असतं, एका अंड्यात १८५ मिलिग्रॅमच्या जवळपास. पण आपलं शरीर स्वतःही कोलेस्टेरॉल बनवतं आणि बहुतेकांच्या एलडीएलवर (वाईट कोलेस्टेरॉलवर) अंड्यापेक्षा तूप, लोणी, वनस्पती तूप, तळणं यांचा परिणाम जास्त होतो. २०१५ साली सिडनीच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, टाइप टू किंवा प्रीडायबेटिस (डायबेटिसच्या उंबरठ्यावरची शुगर) असलेल्या लोकांना तीन महिने आठवड्याला १२ अंडी दिली, दुसऱ्या गटाला दोनपेक्षा कमी, आणि दोन्हीकडच्या कोलेस्टेरॉलमध्ये खास फरक पडला नाही. मात्र दोन्ही गटांचं बाकीचं जेवणही सांभाळलेलं होतं हे विसरू नका. लोकांच्या खाण्याच्या नोंदींवरून केलेल्या काही पाहण्यांत डायबेटिस असलेल्यांना जास्त अंड्यांसोबत हृदयविकाराचा धोका जास्त दिसलाय, काहींत दिसला नाही, त्यामुळे मोकळं रान समजू नये. माझं मत विचाराल तर रोज एक अख्खं अंडं, अजून भूक असेल तर वरून एखाद्याचं पांढरं. पिवळं सरसकट फेकू नका, बी१२, डी ही व्हिटॅमिन्स आणि कोलीन हे पोषकद्रव्य बहुतेक त्यातच असतं आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी व्हायची शक्यता असते, ते एकदा तपासून घ्या. बाबांचं एलडीएल जास्त असेल, अँजिओप्लास्टी झालेली असेल किंवा क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) वाढलेलं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

मिरजकर
एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. ते ग्लिमेपिराइड घेतात ना, मग पोळी-भाकरी एकदम बंद करून फक्त दोन उकडलेली अंडी देऊ नका!! त्या गोळीनं इन्सुलिन सुटतंच, पोटात कार्ब नसेल तर शुगर खाली जाते. माझ्या वडिलांचं तसंच झालं होतं, हात थरथरायला लागले, शर्ट घामानं भिजला, काय बोलतायत कळेना, मीटरवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितली तेव्हा कुठं वर आली. नंतर डॉक्टरांनी डोस कमी केला. तुम्हीही नाश्ता बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

वाईची_लेक
बापरे, हे डोक्यातच नव्हतं, खूप बरं झालं सांगितलंत. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) सोमवारी करून घेते आणि गोळीचंही विचारते. आणि ते उष्ण पडण्याचं?

सकाळचा_डबा
आमच्याकडे तर मे महिन्यातही खातात, काही त्रास नाही. ज्यांना खरंच त्रास होतो त्यांनी कमी खावं. पहिले काही दिवस नाश्त्याआधी आणि दोन तासांनी मीटरवर शुगर बघून वहीत लिहा, पोह्यांच्या दिवशीची आणि अंड्याच्या दिवशीची शेजारी शेजारी. ती वही आत्यांनाही दाखवा आणि डॉक्टरांनाही.