मदत हवी आहे: जंगलातल्या ओल्या आणि कोरड्या जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड कसा मोजावा?

नमस्कार मंडळी,

नाशिकला पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करतेय. प्रबंधासाठी दोन जागा धरल्यात: हरसूलकडचं भरपूर पावसाचं जंगल आणि येवल्याकडचं कोरडं झुडपी रान. मुळं, जिवाणू आणि बुरशी यांच्या श्वसनातून जमिनीबाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडे मोजायचा आहे.

पीव्हीसी पाइपाची कडी आदल्या दिवशी जमिनीत बसवायची, दुसऱ्या दिवशी सेन्सरचं झाकण लावून दोन-तीन मिनिटं वायू किती वेगाने वाढतो ते नोंदवायचं, असं ठरवलंय. सोडा लाइमची पद्धत (हा वायू शोषणारे चुन्याचे दाणे झाकणाखाली ठेवून त्यांचं वजन किती वाढलं ते बघायचं) स्वस्त आहे, पण वायू जोरात निघत असला की ती कमी आकडा दाखवते, आणि मला नेमका तोच काळ पकडायचा आहे. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडला की काही तासांतच वायूचा लोंढा येतो. मातीचे अभ्यासक बर्च यांनी 1958 मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला 'बर्च परिणाम' म्हणतात. वळीव येवल्यात कधी कोसळेल याचा नेम नाही, मग हे गाठायचं कसं?

हरसूलला उलटंच. जुलै-ऑगस्टमध्ये माती पाण्याने भरलेली असते. पाण्यातून हा वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो, शिवाय ऑक्सिजनही आत पोचत नाही. म्हणजे ओल वाढली की वायू वाढतो, हे एका हद्दीपर्यंतच खरं.

आणि काळ्या मातीच्या भेगांचं काय करू? कडी भेगेवर बसवली तर वायू बाजूने निसटतो, भेगा टाळल्या तर तिथून जाणारा वायू हिशेबातच येत नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

उत्तर:
ताई, वळवामागे धावू नका. काही कड्यांत मोजून पाणी घाला, शेजारच्या कोरड्या ठेवा. 20 सेंमी व्यासाच्या कडीत 20 मिमी पावसासाठी साधारण 630 मिली पाणी लागतं. भोवतालची मातीही भिजवा, नाहीतर ओल बाजूला ओढली जाते. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी मोजा.

भेगांवर कडी ठोकू नका. झाकणाला प्लास्टिकचा घेर लावून त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवा. भेगांनी किती टक्के जमीन व्यापलीय ते वेगळं काढा आणि त्या प्रमाणात सरासरी धरा.

मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकून फेस येतो का बघा. चुनखडी असेल तर थोडा वायू तिच्यातूनही येऊ शकतो, तो श्वसनात मोजू नका. दर वेळी मातीचा नमुना 105 अंशांवर वाळवून ओलीचं प्रमाण काढा. वनविभागाची लेखी परवानगी पावसाआधीच घ्या.