मदत हवी आहे: बहिणीचा फोटो समाजाच्या ग्रुपवर टाकलाय

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात चौथी पिढी. धाकटी बहीण २४ वर्षांची, नोकरीवरून यायला रात्रीचे साडेदहा होतात. ऑफिसमधला एक मुलगा तिला स्कूटरवरून सोडतो. गेल्या आठवड्यात समाजातल्या एका काकांनी खिडकीतून त्यांचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली "आपल्या मुली कुठे चालल्यात?" फोटोत तिच्या खांद्याला डब्याची पिशवी लटकलेली दिसतेय. दिवसभर राबून आलेली पोर! हे राखणदार नेमले कोणी?

आईला शुक्रवारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. ती काही बोलत नाही, पण तिने नेसायला काढून ठेवलेली पैठणी परत कपाटात ठेवली. बहीण नोकरी सोडायचं म्हणतेय, ते मला अजिबात नको आहे.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तो इथे गुजरातेत लागू नाही. मग काय करावं? काकांना घरी जाऊन भेटू, की सरळ पोलिसांत अर्ज देऊ? गुजरातच्या १८१ अभयम महिला हेल्पलाइनवाले अशा प्रकरणात येऊन समजावतात का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा. फोटो अजून तिथेच आहे.