"लिथियम घ्या आणि गप्प बसा" म्हणणाऱ्यांसाठी

रातराणी:
काल आडदांड यांनी लिहिलं, "बायपोलर हा मेंदूचा आजार. लिथियम घ्या आणि गप्प बसा. समुपदेशन म्हणजे तासाला दीड हजार मोजून मारलेल्या गप्पा." खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसले, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

माझ्या नवऱ्याला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य. लग्नाला चौदा वर्षं झाली, तीनदा अ‍ॅडमिट करावं लागलं. लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारी गोळी, चालू आहे आणि चालूच राहणार, त्यावर वाद नाही. पण एका वर्षी सासूबाईंनी त्याला निर्जला एकादशी करायला लावली. जूनचा उकाडा, त्यात गुडघा दुखतो म्हणून दोन दिवस आयब्युप्रोफेन. तिसऱ्या दिवशी हात असा थरथरायला लागला की कपातला चहा बशीत. रक्तातली लिथियमची लेव्हल आली १.८, म्हणजे धोक्याची. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साठतं, काही वेदनाशामकांनीही साठतं, हे गोळीच्या पाकिटाने आम्हाला सांगितलं नव्हतं. ओपीडीत चार मिनिटं मिळतात, तिथेही कुणी सांगितलं नाही. कळलं ते नंतर, सायकोएज्युकेशनच्या गटात, जिथे आजार नीट समजावून सांगतात. बार्सिलोनात कोलोम आणि व्हिएता यांनी १२० जणांवर हेच करून पाहिलं, २००३ साली. गटात २१ बैठका. पाच वर्षांनी मोजलं तरी त्या गटातल्यांना उन्मादाचे-नैराश्याचे झटके कमी आले होते.

दुसरी गोष्ट झोप. पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांच्या पद्धतीत रोज पाच गोष्टींची वेळ लिहायची: अंथरूण कधी सोडलं, पहिल्यांदा कुणाशी बोललो, काम कधी सुरू केलं, रात्री कधी जेवलो, कधी आडवे झालो. आमचा तक्ता फ्रिजवर असतो. चार तास झोपूनही नवरा टवटवीत दिसला की मी डॉक्टरांना फोन लावते, उन्माद चढून स्कोडा बुक होण्याची वाट बघत नाही. हे मी त्या "गप्पां"मध्येच शिकले.

आडदांड:
ताई, तुमचं नशीब चांगलं. माझ्या धाकट्या भावाला एक समुपदेशक भेटले. आठ महिने विवेकनिष्ठ विचारसरणी शिकवली आणि मग म्हणाले, "आता तुझं तुला सावरता येतंय, गोळीची खरंच गरज आहे का, विचार कर." त्याने केला विचार. दीड महिन्यात वडापावच्या साखळीसाठी तीन गाळ्यांना टोकन देऊन आला. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. पुढे नऊ महिने अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून. मी चिडून लिहितो ते उगाच नाही.

आणि अभ्यासच काढायचे तर सगळे काढा. इंग्लंडात २००६ साली स्कॉट यांनी २५३ रुग्णांवर सीबीटी, म्हणजे विचारांच्या सवयी बदलायची थेरपी, करून पाहिली. नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक शून्य.

खुर्ची क्र. २:
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. स्कॉट यांचा अभ्यास अर्धाच सांगितलात. आधी बारापेक्षा कमी झटके आलेल्यांना फायदा दिसला, बारापेक्षा जास्तवाल्यांचं उलट बिघडल्यासारखं दिसलं. मागाहून केलेलं विश्लेषण आहे, मान्य. पण "शून्य" नाही.

तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र ती व्यक्ती चुकली, त्यावर पांघरूण घालणार नाही. उन्माद हा अविवेकी विचार नसतो की वाद घालून खोडता येईल. उन्माद चढलेल्या माणसाशी वाद घातला तर तोच आपल्याला तीन गाळे विकतो. माझं खरं दुखणं वेगळं आहे. शनिवार-रविवारचा कोर्स करून लोक दारावर "समुपदेशक" अशी पाटी लावतात आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का, हे एकही पेशंट विचारत नाही. आणि औषधं थांबवण्याचा सल्ला मीसुद्धा देऊ शकत नाही. तो सायकिअ‍ॅट्रिस्टचा विषय.

खडीसाखर:
फी दीड हजार, तीही दर आठवड्याला! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्या. आमच्या कंपनीने दिला की. फक्त अ‍ॅडमिट झालात तर. म्हणजे घरी नीट राहिलात तर खिशातून भरा, बिघडलात तर आम्ही आहोत.

रातराणी:
खडीसाखर, अगदी.
आडदांड, भावाचं वाचून वाईट वाटलं. खोटं बोलत नाही. पण गोळीऐवजी थेरपी असं मी कुठे म्हटलं? अमेरिकेतल्या २००७ च्या स्टेप-बीडी नावाच्या बायपोलरच्या अभ्यासात २९३ जण होते आणि औषधं सगळ्यांचीच चालू होती. नऊ महिने नीट थेरपी मिळाली त्यांच्यापैकी वर्षाअखेर ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले, तीनच बैठका मिळालेल्यांपैकी ५२. त्यात एक प्रकार कुटुंबाला घेऊन करायचा होता. आमच्याकडे सर्वात जास्त उपयोग त्याचाच झाला, कारण सासूबाईंच्या तोंडातलं "याला काम नको, म्हणून आजार" हे वाक्य तिथेच बंद झालं.

स्पष्टच बोलतो:
विषय सोडून विचारतो. लग्नाआधी सांगितलं होतं का तुम्हाला?

रातराणी:
नाही. हनिमूनच्या बॅगेत पाकिटं दिसली, तर नवरा म्हणाला थायरॉइडच्या गोळ्या आहेत. अर्धं खरंच होतं. लिथियममुळे थायरॉइड मंदावलेलं होतं, एक पाकीट त्याचंच.

स्पष्टच बोलतो:
म्हणजे फसवणूक! आणि तुम्ही त्याच सासूला थेरपीला नेता? हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ वाचा. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द होतं. फक्त कळल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

रातराणी:
चौदा वर्षं झाली म्हटलं ना वर? जाऊ का आता तेरा वर्षं उशिरा?

भरती_ओहोटी:
मी त्या पाकिटाच्या पलीकडचा माणूस. मला बायपोलर आहे. स्पष्टच बोलतो, ऐका. मी तीन स्थळांना पहिल्याच भेटीत सांगितलं. दोन घरांनी फोन उचलणं सोडलं. तिसऱ्यांनी उचलला, "छान केलंत सांगितलंत" म्हणाले, आणि पंधरा दिवसांत आमच्या अख्ख्या नातेवाइकांत बातमी पसरली. माझ्या बहिणीचं ठरत आलेलं मोडलं. कलम तुम्हाला पाठ आहे. आता मला सांगा, कोणत्या तोंडाने सांगायचं?

स्पष्टच बोलतो:
म्हणून लपवायचं? माझ्या चुलत बहिणीने भोगलंय, तिला विचारा.

भरती_ओहोटी:
लपवलं कुठे? सांगून बसलोय घरी. वाचता येतं ना?

खुर्ची क्र. २:
दोघेही जरा दमाने. सांगायचंच, पण पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे खाताना नव्हे. पसंती झाल्यावर, साखरपुड्याआधी, आणि जमलं तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटून. हेसुद्धा आम्ही थेरपीतच बोलतो.

आडदांड:
दीड हजारात लग्नही जमवून देता? मग काढून घेतो शब्द.

थट्टा जाऊ दे. ताई, तुमचं ते झोपेचं पटलं. भाऊ गाळ्यांच्या आधी आठवडाभर पहाटे तीनला उठून टेरेसवर चकरा मारायचा. आम्हाला वाटलं, चला, सुधारला, लवकर उठायला लागला. आई तर कौतुक करत होती. लिथियम आधी, हे माझं म्हणणं मी सोडत नाही. तक्ता घरी लावून बघतो, फुकट आहे म्हणून.

रातराणी:
आईला सांगा, तक्ता त्याने स्वतः भरायचा. आईने पहाऱ्याला बसायचं नाही, भांडणं होतात. आणि लेव्हलचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्या. आमच्याकडे दोनदा आकडा उगाच जास्त आला होता.

साडेदहा झाले. आमच्याकडे दिवे बंद.

स्पष्टच बोलतो:
तेरा वर्षांचा मुद्दा मान्य. पण "अर्धं खरं" म्हणजे अर्धं खोटंच ना?